एकच शब्द, दोन कामं

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका निवृत्त इंग्रजी शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. – संपादक मंडळ)



मला आज इंग्रजीवर बोलायला सांगितलंय. इंग्रजी म्हटलं की मागच्या रांगेतल्या बाया अजून थोड्या मागे सरकतात. आज सरकू नका. मी एकही नवा शब्द शिकवणार नाही. तुमच्या तोंडात रोज असतात तेच शब्द घेणार आहे. चेक, फोन, चार्ज, ऑर्डर, शेअर, पे, ब्लॉक, क्लेम, रिटर्न, क्रेडिट. यातला एक तरी शब्द कधी ऐकला नाही अशी बाई इथे नसेल.

मग अडतं कुठे? अडतं ते असं, की यातला प्रत्येक शब्द इंग्रजीत दोन कामं करतो. कधी तो एखाद्या गोष्टीचं नाव असतो, तर कधी काही करायला सांगतो. शाळेत आपण त्याला नाम आणि क्रियापद म्हणायचो. शाळेत हा फरक चुकला तर एक मार्क जायचा. मोबाइलवर आणि बँकेच्या कागदावर चुकला तर पैसे जातात. म्हणून आज हा विषय घेतलाय.

आपल्या मराठीतही असे शब्द आहेत

आधी आपल्या घरातले शब्द बघू. गटाच्या वहीतलाच शब्द घ्या, ठेव. "बँकेत गटाची वीस हजारांची ठेव आहे." इथे ठेव हे नाव झालं. "अगं, डबा फळीवर ठेव." इथे ठेव हे काम झालं.

आता उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हा शब्द सगळ्यांना माहीत. "मुकादमाकडून उचल घेतली" म्हणजे आगाऊ रक्कम घेतली. आणि "घागर उचल" म्हणजे काम. फेड तसंच. "कर्जाची फेड वेळेवर झाली" आणि "आधी तिचे उसने पैसे फेड." वाढ घ्या. "मानधनात वाढ झाली" आणि "पाहुण्यांना भात वाढ." सगळ्यांत गमतीचा शब्द म्हणजे कर. "ग्रामपंचायतीचा कर भरलास का?" आणि "लवकर स्वयंपाक कर."

यात कोणी गोंधळतं का? सुनेला "भात वाढ" म्हटल्यावर ती मानधन वाढलं असं समजत नाही. का समजत नाही? कारण आपल्या शब्दांना शेपटी असते आणि त्या शेपटीवरून काम कळतं. ठेवीवर व्याज, ठेवीची पावती, ठेवी मोडल्या, हे सगळं नाव. ठेवते, ठेवलं, ठेवणार, ठेवायचं, हे सगळं काम. नुसता "ठेव" शब्द आला तरी त्याच्या शेजारी काय आहे ते बघून आपण ओळखतो. माझी ठेव म्हटलं की नाव, डबा ठेव म्हटलं की काम. हे तुम्ही न शिकता करता. तेच आज इंग्रजीला लावायचं आहे.

इंग्रजीची शेपटी गेली कुठे?

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही अशा शेपट्या होत्या. तेव्हा "लुफु" म्हणजे प्रेम आणि "लुफियन" म्हणजे प्रेम करणे. दोन वेगळे शब्द, ऐकल्याबरोबर फरक कळायचा. पुढे बोलता बोलता शब्दांची टोकं झिजत गेली. साधारण पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक शेपट्या गळून पडल्या. मग दोन्हींसाठी एकच शब्द उरला, लव्ह. प्रेम म्हणजेही लव्ह आणि प्रेम कर म्हणजेही लव्ह.

शिवाय १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढची दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात, कचेरीत फ्रेंच भाषेचा वरचष्मा होता. त्या फ्रेंचमधून पे, क्लेम, चार्ज, ऑर्डर असे शब्द इंग्रजीत आले. म्हणजे पैशाचे आणि कोर्टकचेरीचे शब्द राज्यकर्त्यांच्या भाषेतून आले. आपल्याकडेही तसंच झालंय. जमा, खर्च, वसूल, बाकी, रक्कम, हिशेब हे शब्द फारशी-अरबीतून मराठीत आलेत. गटाची वही उघडली की तेच शब्द दिसतात.

शेपट्या गळाल्यावर इंग्रजीला मोकळं रान मिळालं. कुठलंही नाव उचलायचं आणि क्रियापदाच्या जागी बसवायचं. वॉटर म्हणजे पाणी, आणि वॉटर म्हणजे झाडाला पाणी घालणंही. मिल्क म्हणजे दूध, आणि मिल्क म्हणजे गाईचं दूध काढणंही. हॅन्ड म्हणजे हात, आणि हॅन्ड म्हणजे हातात देणंही. डस्टची तर कमालच आहे. "डस्ट द टेबल" म्हटलं तर टेबलावरची धूळ पुसायची. आणि पिकाला गंधकाची पावडर "डस्ट" करायची म्हटलं तर उलट भुकटी वर टाकायची, म्हणजे आपली धुरळणी. एकाच शब्दात धूळ काढणंही आलं आणि टाकणंही आलं.

हा प्रकार आजही चालू आहे. गूगल हे कंपनीचं नाव. लोक "गूगल करून बघ" म्हणायला लागले, आणि २००६ साली इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांनी ते क्रियापद म्हणून छापलं.

"करणे" ही आपली जुनी युक्ती

परका शब्द घरात आला की मराठी बाई त्याला सरळ कामाला लावते. कसं? त्याच्यामागे "करणे" किंवा "होणे" जोडून. फारशीतून जमा आला, आपण जमा करणे, जमा होणे म्हणू लागलो. खर्च आला, खर्च करणे झालं. वसूल आला, वसूल करणे झालं. आता इंग्रजी शब्द येताहेत तर ट्रान्सफर करणे, ब्लॉक करणे, अपडेट करणे. तीच जुनी युक्ती.

फोन या एका शब्दाकडे बघा. फोन कर, फोन दे, फोन घे, फोन आला, फोन लागला. मागचा मराठी शब्द बदलला की अर्थ बदलला. इंग्रजीत यातली बरीच कामं नुसत्या "फोन" शब्दावर भागतात. म्हणजे मराठीत आपण जो फरक तोंडाने बोलून दाखवतो, तो इंग्रजी मेसेजमध्ये लिहिलेला नसतो. तो आपल्याला ओळखून काढायचा असतो.

म्हणून माझी पहिली सूचना. मेसेजमध्ये किंवा बटणावर ओळखीचा इंग्रजी शब्द दिसला की त्याला मनातल्या मनात तीन मराठी शेपट्या लावून बघा. आहे, करा, झालं.

"क्लेम आहे", "क्लेम करा", "क्लेम झालं". यातलं इथे कोणतं बसतं? "आहे" बसलं तर ते नाव. "करा" बसलं तर ते काम, आणि ते अजून व्हायचंय. "झालं" बसलं तर काम आटोपलंय. या तीन शेपट्या पाठ झाल्या तर अर्धं काम झालं.

शब्दाची शेजारीण बघा

आता तुम्ही विचाराल, कोणती शेपटी बसते हे कळणार कसं? त्यासाठी शब्दाची शेजारीण बघायची. इंग्रजीत शेपटी गेली आणि तिचं काम शब्दाच्या जागेने घेतलं.

शब्दाच्या आधी अ, द, माय, युवर, धिस, नो असं काही असेल तर तो बहुधा नाव असतो. "युवर ऑर्डर" म्हणजे तुमची ऑर्डर. "नो चार्ज" म्हणजे शुल्क नाही.

शब्दाच्या आधी प्लीज, विल, कॅन, डू नॉट, नेव्हर असं असेल तर तो काम सांगतोय. "प्लीज चेक" म्हणजे कृपया तपासा. "डू नॉट शेअर" म्हणजे सांगू नका. "टू" हा शब्द मात्र जपून वाचा. "टू पे" म्हणजे देण्यासाठी, इथे पे हे काम झालं. पण "टू युवर अकाउंट" म्हणजे तुमच्या खात्याला, तिथे अकाउंट हे नाव आहे.

शब्दाच्या शेवटी "एड" ऐकू आलं तर बहुतेक वेळा काम झालेलं असतं. क्रेडिटेड म्हणजे जमा झाले. डेबिटेड म्हणजे वजा झाले. पण त्याच्या आधी "विल बी" असेल तर थांबा. "विल बी क्रेडिटेड" म्हणजे जमा होतील. झालेले नाहीत. या दोन छोट्या शब्दांवर कोणी माल देऊन बसू नये.

आणि शब्द एकटाच बटणावर असेल तर? पे, सेंड, ब्लॉक, शेअर, क्लेम. तिथे तो आदेश आहे असं धरून चाला. कोणाचा कोणाला आदेश? तुमचा फोनला. "पे" दाबलं म्हणजे तुम्ही फोनला सांगितलं, माझ्या खात्यातून पैसे दे. फोन बिचारा विचारणार नाही की ताई, तुला द्यायचे होते की घ्यायचे होते?

आता पैशाचे शब्द एकेक

पे. नाव म्हणून पे म्हणजे पगार, मजुरी. काम म्हणून पे म्हणजे पैसे द्या. समजा, एका ताईने पापडाची ऑर्डर घेतली. गिऱ्हाईक फोनवर गोड बोलतं. म्हणतं, ताई, दोन हजार ॲडव्हान्स पाठवतो, मी कोड पाठवलाय तो स्कॅन करा, पैसे येतील. ताई कोड स्कॅन करते. पडद्यावर दिसतं "पे २,०००". ताईच्या मनात पे म्हणजे पेमेंट, पेमेंट म्हणजे आपलं येणं. ती दाबते, पिन टाकते आणि तिचेच दोन हजार जातात. तिला "पे" हा शब्द येत नव्हता असं नाही. शब्द येत होता. फक्त नाव म्हणून वाचला, आणि तिथे तो आदेश होता. यावर एक नियम दगडावरची रेघ समजा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

रिक्वेस्ट. नाव म्हणून विनंती, मागणी. काम म्हणून मागणी करणे. तुमच्या फोनवर "पेमेंट रिक्वेस्ट" आली तर कोणीतरी तुमच्याकडे पैसे मागतंय. ते तुमच्याकडे आलेले पैसे नव्हेत.

क्रेडिट. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतला विश्वास ठेवणे हा शब्द आहे. आपण जिला पत म्हणतो, पतपेढीतली पत, तीच ही. नाव म्हणून क्रेडिट म्हणजे पत किंवा उधारी. क्रेडिट कार्ड, क्रेडिट स्कोअर. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० असतो, तो या पतीचाच आकडा. काम म्हणून क्रेडिट म्हणजे खात्यात जमा करणे. म्हणून "क्रेडिट" शब्द दिसला की पैसे आले असं धरू नका. "क्रेडिटेड" असेल तर आले. "क्रेडिट ऑफर" असेल तर कोणीतरी तुम्हाला कर्ज द्यायला निघालंय, आणि कर्ज म्हटलं की हप्ते आले.

डेबिट हे त्याच्या उलट. मूळ अर्थ देणं असणं. काम म्हणून खात्यातून वजा करणे. "ऑटो डेबिट" असं कागदावर दिसलं तर समजा, दर महिन्याला किंवा दर वर्षी आपोआप कपात होणार. तिथे सही करताना किती, कधी आणि कशासाठी, हे तीन प्रश्न विचारा.

शेअर. आपल्यातल्या कितीतरी जणी शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद आहेत. तिथे शेअर म्हणजे भाग, आपल्या मालकीचा वाटा. त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं. आणि बँकेच्या मेसेजमध्ये "डू नॉट शेअर ओटीपी" असतं, तिथे शेअर म्हणजे दुसऱ्याला सांगणे. पहिला शेअर जपायचा, दुसरा शेअर करायचाच नाही.

ब्लॉक. सरकारी कामात ब्लॉक म्हणजे तालुका पातळी. ब्लॉक ऑफिस, ब्लॉकची मीटिंग. बँकेच्या मेसेजमध्ये मात्र ब्लॉक म्हणजे बंद करणे. "इफ नॉट यू" असं लिहून पुढे ब्लॉकसाठी नंबर दिलेला असतो. त्याचा अर्थ, हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर ताबडतोब कळवा, कार्ड किंवा खातं बंद करा. हा मेसेज तालुक्याचा समजून बाजूला टाकू नका. मात्र असा मेसेज अनोळखी नंबरावरून आला असेल तर त्यातल्या नंबराला फोन करू नका. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर करा.

चार्ज. मोबाइल चार्ज करतो ते काम. बँकेचे चार्ज म्हणजे शुल्क, ते नाव. "यू विल बी चार्ज्ड" म्हणजे तुमच्याकडून शुल्क घेतलं जाईल. आणि "फ्री ऑफ चार्ज" म्हणजे फुकट. शेवटचा शब्द दोन्हीकडे जवळपास तोच, खिशाला मात्र उलट.

रिटर्न. काम म्हणून रिटर्न म्हणजे परत करणे. दुकानदाराने मसाल्याची पाकिटं रिटर्न केली. नाव म्हणून याचे दोन अर्थ. "जीएसटी रिटर्न" म्हणजे सरकारला द्यायचं विवरणपत्र. तिथे काही परत मिळत नसतं, ते आपल्याला भरायचं असतं. आणि गुंतवणुकीच्या जाहिरातीतला "हाय रिटर्न" म्हणजे जास्त परतावा. तो शब्द ऐकला की हात आपोआप बटव्यावर गेला पाहिजे. पुढे करायला नाही, झाकायला.

क्लेम या शब्दावर थोडं थांबू

आपल्या बऱ्याच सदस्यांनी प्रधानमंत्री जीवनज्योती विमा घेतलाय. वर्षाला ४३६ रुपये खात्यातून जातात. दुसरा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, त्याचे वर्षाला २० रुपये. पहिल्यात विमाधारकाचा कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख.

आता क्लेम या शब्दाची दोन कामं बघा. नाव म्हणून क्लेम म्हणजे हक्क, दावा. काम म्हणून क्लेम म्हणजे दावा करणे. विमा चालू असताना माणूस गेलं की घरच्यांचा क्लेम असतो. पण तो केल्याशिवाय मिळत नाही. बँक आपण होऊन घरी येऊन पैसे देत नाही. नॉमिनीने बँकेत जायचं, क्लेम फॉर्म भरायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, अपघात असेल तर त्याचे कागद जोडायचे. "आमचा क्लेम आहे" म्हणून घरी बसून राहिलं तर तो नुसता नामच राहतो, त्याचं क्रियापद होत नाही. दुःखाच्या दिवसांत घरच्यांना हे सुचत नाही. अशा वेळी गटातल्या बायांनी आठवण करायची. तुमच्या गटात विमा कोणाकोणाचा आहे आणि नॉमिनी कोण आहे, हे आजच्या आज वहीत लिहून ठेवा.

आणि उलटंही लक्षात ठेवा. मोबाइलवर "क्लेम नाऊ" असं चमकणारं बटण आलं, बक्षीस लागलं म्हणून सांगितलं, तर ते दाबू नका. ज्या लॉटरीचं तिकीट आपण काढलं नाही तिथे आपला क्लेम असेलच कसा?

लिहायला एक, बोलायला दोन

थोडं उच्चाराचं सांगते. फार ताण घेऊ नका. काही इंग्रजी शब्द लिहायला सारखे आणि बोलायला वेगळे असतात. नाव असलं की जोर पहिल्या तुकड्यावर, काम असलं की दुसऱ्यावर. वही या अर्थाचा "रेकॉर्ड" बोलताना जोर "रे"वर. नोंद करणे या अर्थाने इंग्रज माणूस "रिकॉर्ड" म्हणतो आणि जोर "कॉर्ड"वर देतो. शेतमाल या अर्थाचं "प्रॉड्यूस" आणि पिकवणे या अर्थाचं "प्रड्यूस" यांचंही तसंच. "यूज" या शब्दाचं वेगळं. वापर असेल तर शेवटी "स", वापरणे असेल तर शेवटी "झ".

आपण सगळीकडे रेकॉर्डच म्हणतो. म्हणू द्या, आपलं काही अडत नाही. मुलं शाळेत इंग्रजी बोलायला लागली की त्यांना हे सांगा, बाईंनी सांगितलं म्हणून.

आपल्या पंचसूत्रीत नियमित लेखे हे पाचवं सूत्र आहे. त्यालाही आजचाच नियम लागतो. रेकॉर्ड आहे, आणि रेकॉर्ड केलंय, हे दोन्ही खरं असायला हवं. वही कपाटात आहे पण तीन बैठकींची नोंद नाही, तर नाव शिल्लक आहे आणि काम बाकी आहे.

विचारायला लाजू नका

काहीजणी म्हणतील, बाई, एवढं सगळं त्या क्षणी आठवत नाही. खरं आहे. काउंटरवर मागे रांग असते, साहेब घाईत असतात. तेव्हा व्याकरण विसरा, फक्त एक प्रश्न विचारा आणि तोही मराठीत. "साहेब, हे झालंय, होणार आहे, की मला करायचंय?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय सही करू नका, अंगठा टेकवू नका, बटण दाबू नका.

आणि आपला हक्कही माहीत असू द्या. खातं उघडण्याचा फॉर्म, पैसे भरायची स्लिप, पासबुक असं ग्राहकांच्या वापराचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्ही भाषांत उपलब्ध करावं, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. म्हणजे आपल्याकडे मराठीत. "मराठीतला फॉर्म द्या" असं म्हणणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. यूपीआयच्या भीम ॲपमध्येही मराठी भाषा निवडता येते. घरातल्या पोरीला सांगा, सेटिंगमध्ये जाऊन पाच मिनिटांत करून देईल.

एवढं करूनही कोणाचे पैसे गेलेच, तर रडत बसायचं नाही आणि घरात लपवायचंही नाही. १९३० या नंबरावर लगेच फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. सोबत आपल्या बँकेलाही कळवायचं. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आणि गटातल्या बाकीच्या बायांनी "तुला कळत नव्हतं का?" असं म्हणायचं नाही. आपल्याला लाज वाटेल म्हणून आपण गप्प बसू, या भरवशावरच हे ठग जगतात.

दर बैठकीला पाच मिनिटं

शेवटी एक काम देते. जुनी मास्तरीण आहे, गृहपाठ दिल्याशिवाय मला घरी जाववत नाही.

दर बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचं बोलणं झालं की पाच मिनिटं काढा. प्रत्येक वेळी एका सदस्येने एक इंग्रजी शब्द आणायचा. मेसेजमधला, खताच्या पोत्यावरचा, औषधाच्या चिठ्ठीवरचा, कुठलाही. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा. आहे, करा, झालं. तो शब्द तिन्ही रकान्यांत बसवून बघा. उदाहरण म्हणून "लॉक" घ्या. आहे : दाराला लॉक आहे, म्हणजे कुलूप. करा : फोन लॉक करा. झालं : पिन तीनदा चुकला, कार्ड लॉक झालं.

पहिल्या बैठकीसाठी पाच शब्द मीच देते. ट्रान्सफर, अपडेट, लिंक, स्टॉक आणि बॅलन्स. "लिंक"वर जरा जास्त वेळ घाला. आधार खात्याला लिंक करणं वेगळं आणि अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक वेगळी. पहिली करायची, दुसरीला बोट लावायचं नाही.

ज्या ताई शाळेत गेल्या नाहीत त्यांनी यात मागे राहायचं कारण नाही. शब्द दुसरीने वाचून दाखवावा, शेपटी या ताईंनी लावावी. मी पाहिलंय, वाचता न येणारी बाई "हे झालंय की करायचंय?" हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारते, कारण आयुष्यभर ती ऐकून आणि विचारूनच व्यवहार करत आली आहे.

पुढच्या मासिक सभेला मी येणार आहे. प्रत्येक ग्रामसंघाने आपल्या वहीतलं ते शेवटचं पान घेऊन या. ज्या गटाचे शब्द सगळ्यांत जास्त भरतील, त्यांची यादी आपण या वार्तापत्रात छापू.